पापणीखालच्या गाठी

शेवंताचे डोळे जन्मापासून तसे नव्हते. लग्नातल्या फोटोत तिचा चेहरा चांगला भरलेला दिसतो. धाकटी पोर झाल्यावर तिला विषमज्वर झाला, बरा होता होता तो पुन्हा उलटला, आणि दीड महिन्याने ती अंथरुणातून उठली तेव्हा डोळे पार खोबणीत गेले होते. अंगावर मांस परत आलं, केस परत आले, डोळ्यांभोवतीचे खड्डे मात्र भरले नाहीत. फैजपूरच्या बाजारात भेटेल ती बाई विचारायची, "काय व शेवंता, बरं नही का?" दहा वर्षं ती हसून "बरी आहे व माय" म्हणत राहिली.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तिच्या थोरल्या मुलीला, कल्पनाला, पाहायला पाहुणे आले. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि चहा पिता पिता आईकडे जास्त पाहिलं. आठ दिवसांनी निरोप आला : घर चांगलं, मुलगी चांगली, पण आईला क्षय असावा असं दिसतं. शेवंताचा नवरा तोताराम तिला भुसावळला नेऊन तिच्या छातीचा एक्स-रे काढून आला आणि तो घेऊन त्या लोकांच्या दारात उभा राहिला. त्यांनी तो पाकिटातून बाहेरही काढला नाही.

ही गोष्ट शेवंताने बहिणीला सांगितली. मंदा तिच्याहून सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेली म्हणून शेवंताची वेणी घालण्यापासून तिला शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं मंदानेच केलं होतं. पुढे मंदाचा संसार टिकला नाही. ती नर्सिंग शिकली आणि जळगावात एका खासगी दवाखान्यात लागली. सोळा वर्षं तिथल्या ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. घरात कोणाला काही दुखलंखुपलं की मंदाक्काला विचारायचं, हे ठरलेलं.

"रडू नको," मंदा म्हणाली. "आमच्या सरांनी नवीन काढलंय. मांडीतली चरबी सुईने ओढायची, धुवायची आणि डोळ्याभोवती भरायची. आपलीच चरबी आपल्याच अंगात. त्यात धोका काय?"

"डोये हायेत अक्का. काही झालं तं?"

"मी आहे ना तिथे."

सर म्हणजे पोटाची ऑपरेशनं करणारे सर्जन. हात चांगला, माणूस हुशार. त्या वर्षी ते मुंबईला आठ दिवस शिकून आले होते आणि त्यांच्या डोक्यात हे नवं वेड भरलं होतं. दोन बायकांचे गाल त्यांनी भरले होते आणि ते छान झाले होते, हे मंदाने डोळ्यांनी पाहिलं होतं. डोळ्यांची पापणी म्हणजे गाल नव्हे, हे तिला तेव्हा सुचलं नाही. तिनेच सरांना विचारलं, तिनेच तारीख ठरवली.

जूनमध्ये पहिल्यांदा भरलं. महिनाभर शेवंता खरोखर दहा वर्षांनी लहान दिसली. मग हळूहळू अर्धी चरबी विरघळली. सर म्हणाले, असं होतंच, पुन्हा एकदा भरू. त्यासाठी त्यांनी पहिल्याच वेळी जास्त चरबी काढून तीन सिरिंजांमध्ये भरून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती. त्याच कप्प्यात बोदवडच्या बेबाबाई नावाच्या एका बाईच्याही तीन सिरिंज होत्या. चिकटपट्टीवर नाव लिहून ती सिरिंजला लावायची, हे काम मंदाचं.

गणपतीच्या दिवसांत दवाखान्याजवळची डीपी जळाली आणि अडीच दिवस वीज नव्हती. जनरेटर होता तो थिएटरच्या दिव्यांपुरता. तिसऱ्या दिवशी मंदाने कप्पा उघडला तर आत निळसर पाणी साचलं होतं. पट्ट्या सुटून तळाला चिकटल्या होत्या आणि शाई धुऊन गेली होती. सहा सिरिंज एकमेकींवर पडल्या होत्या, एकीवरही नाव नाही.

तिने सरांना बोलावलं. त्यांनी एकेक सिरिंज खिडकीच्या उजेडात धरली. "ही पिवळी तुमच्या बहिणीची. ही जरा पांढरट, ती बोदवडची."

"सर, नक्की?"

"सिस्टर, काढली कोणी? मीच ना?"

"टाकून दिल्या तर? पुन्हा काढता येईल."

"पुन्हा मांडीला भोसकायचं का तुमच्या बहिणीला? लावा पट्ट्या."

तिने पट्ट्या लावल्या. स्वतःच्या स्वच्छ अक्षरात तीन सिरिंजांवर शेवंता लिहिलं, तीनवर बेबाबाई. कप्पा पुसून कोरडा केला. वीज आल्यावर त्या पुन्हा गोठल्या.

दिवाळीच्या आधी शेवंता दुसऱ्यांदा टेबलावर झोपली. मंदाने ट्रे धरला. सिरिंज हातात देताना तिची बोटं क्षणभर घट्ट झाली. सरांनी वर पाहिलं. मग तिने ती सोडली. पुढच्या आठवड्यात बेबाबाईचेही डोळे तिच्या नावाच्या सिरिंजांनी भरले.

बाराव्या दिवशी पापण्या लाल झाल्या, सुजल्या. सर म्हणाले, मालिश करा. मालिशने काही उतरेना तेव्हा त्यांनी सूज उतरवायची इंजेक्शनं दिली, त्याने कातडी कागदासारखी पातळ झाली आणि खालच्या गाठी वरून दिसू लागल्या, हरभऱ्याएवढ्या, एकीला एक लागून. डावी वरची पापणी तर लाकडासारखी ताठली. ती पूर्ण मिटेना. जानेवारीत सर म्हणाले, "प्रत्येकाचं शरीर वेगळं वागतं, धीर धरा." फेब्रुवारीत शेवंता आली की काउंटरवरची मुलगी सांगू लागली, सर ऑपरेशनमध्ये आहेत. सर कुठे आहेत हे मंदाला माहीत असायचं. ती मान खाली घालून बहिणीला बसस्टँडवर सोडून यायची.

मग एक दिवस तोताराम एकटाच आला. तो बोलका माणूस नव्हता. मंदाच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "अक्का, ते एक डोया उघडा ठिवून झोपते. पोरी भेतात. आता त्या डोयात पांढरं दिसू राह्यलं."

मंदाने दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

धुळ्याच्या डॉक्टर कुवरांचं नाव तिला भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. कुवर सरकारी दवाखान्यात वीस वर्षं जळालेल्या बायकांचे चेहरे शिवत आले होते आणि आता गल्लीतल्या दोन मजली घरात स्वतःचा दवाखाना चालवत होते. एरंडोल, पारोळा करत एस.टी. धुळ्याला पोचेपर्यंत शेवंताने पदर डोळ्यांवरून हटवला नाही. डॉक्टरांनी तो स्वतः बाजूला केला. बोटाने एकेक गाठ चाचपली, डोळा मिटायला सांगितलं, बॅटरीने बुबुळ पाहिलं.

"पापणी मिटत नाही म्हणून बुबुळ सुकतं. सुकलं की जखम, जखमेचं पांढरं फूल," ते म्हणाले. "ते फूल आता जाणार नाही. वाढू द्यायचं नाही, एवढं आपल्या हातात. गाठी काढू, पण त्या स्नायूत गुंतल्यात. खडे वेचल्यासारख्या निघणार नाहीत. आधी होते तसे डोळे मी देऊ शकत नाही, हे आत्ताच ऐकून घ्या."

शेवंताने मान हलवली. "मिटू दे डॉक्टरसाहेब. दुसरं काही नोको."

"कागद कुठे आहेत?"

जळगावच्या सरांनी एक चिठ्ठी दिली होती. तिच्यावर 'चरबीचे इंजेक्शन, दोन वेळा' एवढंच होतं. डॉक्टरांनी नर्सकडून शेवंताची मांडी तपासून घेतली. नर्स परत येऊन म्हणाली, उजव्या मांडीवर एक खूण आहे, डावीवर काही नाही.

डॉक्टरांनी चष्म्यावरून मंदाकडे पाहिलं. आपण सिस्टर असल्याचं तिने आल्या आल्या सांगितलं होतं. "भरलं दोनदा, काढलं एकदा?"

"जास्त काढून ठेवली होती. फ्रिजमध्ये."

"नाव लिहून?"

"हो," मंदा म्हणाली. "नाव लिहून."

ते खोटं नव्हतं, आणि तेच तिला पुढचे पंधरा दिवस खात राहिलं.

एप्रिलमध्ये डावा डोळा आधी घ्यायचं ठरलं. जागेवरच बधिर करून करायचं होतं, कारण पापणी किती उचलते, किती मिटते हे शेवंताने करून दाखवायला हवं होतं. मंदाला आत घेतलं नाही. ती बाहेर बाकावर बसली. शेजारी शिरपूरकडच्या एका खेड्यातली भागाबाई होती. तिच्या सुनेचा हात स्टोव्हने भाजला होता.

"तुनी बहीन शे का?" भागाबाईने विचारलं. "डोयाले काय व्हयनं?"

"गाठी आल्या."

"व्हई जाई बठ्ठं बरं. हाऊ डॉक्टर चांगला शे." मग जरा थांबून, "आपसूक उनात का गाठी?"

आपोआप आल्या का, या प्रश्नावर मंदा उठून थिएटरच्या दाराशी गेली. आत शेवंताचा आवाज येत होता. ती ओरडत नव्हती. डॉक्टर "मिटा" म्हणाले की "मिटला का?" विचारत होती. पुन्हा "मिटा". पुन्हा "मिटला का?" दोन तास तेवढंच ऐकू येत होतं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात स्टीलची वाटी होती. त्यांनी मंदाला मागच्या खोलीत बोलावलं. वाटीत पिवळसर, करडे, रवाळ तुकडे होते, काहींना कातडीसारखं जाड वेष्टण आलेलं.

"सिस्टर, आपलीच चरबी मेली तरी शरीर तिचं तेल करतं, थोडीफार गाठ होते. हे तसं नाही. सगळीकडून वेढा घातलाय शरीराने, हाकलून लावायला निघालंय. मी हे पुण्याला तपासायला पाठवीन, पण तिथून आलेलं उत्तर मला सगळं सांगणार नाही. उजवा डोळा उरलाय. आत काय आहे हे कळलं तर कुठे थोडं ठेवायचं आणि कुठे मुळापासून काढायचं हे मला ठरवता येईल. तुम्ही तिथे होता. ट्रे तुमच्या हातात होता."

मंदाने सांगितलं. डीपी, निळं पाणी, सुटलेल्या पट्ट्या, खिडकीच्या उजेडात धरलेल्या सिरिंज. शेवटी म्हणाली, "पट्ट्या मी लिहिल्या."

डॉक्टर कुवर खुर्चीत बसले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. "दुसऱ्याची असण्याचा संभव निम्मा," ते म्हणाले. "शिवाय एकदा वितळून पुन्हा गोठवलेली. त्या बोदवडच्या बाईचं रक्त कोणी तपासलं होतं?"

"नाही."

"मग यांचं तपासायला हवं. कावीळ आणि एड्स, दोन्ही. आता एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा. टोचून सहा महिने होत आलेत, म्हणजे पहिल्यातच बहुतेक कळेल. पण रक्त का काढतोय, हे त्यांना सांगावं लागेल. मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

त्यांनी केसपेपर पुढे सरकवला. मंदाने घडलं ते लिहिलं, खाली पूर्ण नाव घालून सही केली. डॉक्टर म्हणाले, "हे तुमच्यावरच उलटेल, कल्पना आहे ना?" तिने पेनाला टोपण लावलं.

तिसऱ्या दिवशी पट्टी उघडली. पापणी मिटत होती, अगदी कडेला गहू मावेल एवढी फट सोडून. पापणीला कमी पडलेली कातडी कानामागून घेऊन लावली होती, तिथे काळंनिळं होतं. शेवंताने आरसा मागितला नाही. तिला बरं वाटत होतं, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिने डोळे मिटून झोप काढली होती. मंदाने पलंगाजवळ स्टूल ओढलं आणि सांगायला सुरुवात केली.

सगळं ऐकून शेवंताने विचारलं, "दिवाईच्या आधी, मी टेबलावर होती, तवा तुले मालूम होतं?"

"नक्की माहीत नव्हतं. संशय होता."

"मंग काहून नही बोलली?"

मंदाकडे उत्तरं होती. सर म्हणाले होते म्हणून. टेबलावर माणूस झोपलेलं होतं म्हणून. तिने यातलं काही म्हटलं नाही. "भ्याले," ती म्हणाली.

"कोणाले? डॉक्टरले?"

"हो."

"माही वेणी तू घालायची," शेवंता म्हणाली. ती उठून बसली. "मंग त्या बोदवडच्या बाईच्या डोयात माही चरबी आसीन."

"असू शकते."

"तिले सांगतलं?"

"नाही."

"मंग येथी काय बसली? जाय. तिले सांग." तिने तोंड भिंतीकडे केलं. "आणि यांना बोलाव. पट्टी ते बदलतीन."

मंदा आधी जळगावला गेली. सरांना तिने सरळ सांगितलं की आपण धुळ्याला सगळं लिहून दिलं आहे. सर हात धूत होते. त्यांनी नळ बंद केला, टॉवेलला हात पुसले. "पट्ट्यांवरचं अक्षर कोणाचं आहे, सिस्टर? माझं की तुमचं? चौकशी आली तर कोणाला विचारतील?" मग मऊ आवाजात म्हणाले, "सोळा वर्षं काम केलंत. शांत डोक्याने विचार करा." मंदाने थिएटरच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. रजिस्टरमधून बोदवडचा पत्ता तिने सकाळीच उतरून घेतला होता.

बेबाबाईचं घर स्टेशनच्या रस्त्यावर होतं, खाली नवऱ्याचं धान्याचं दुकान, वर राहायला. दुपारी बारा वाजता, घरात, तिने काळा चष्मा लावलेला होता. मंदाला ओळखून ती दचकली. "हळू बोला. खाली हे आहेत. त्यांना गांधीलमाशी चावली म्हणून सांगितलंय."

"किती महिने?"

"पाच." तिने चष्मा काढला. उजव्या डोळ्याखाली गाठींची माळ होती, एक गाठ फुटून वाळलेली.

मंदाने उभ्याउभ्याच सांगितलं. बेबाबाई ऐकताना चष्म्याच्या काड्या मिटत आणि उघडत होती.

"तुमची बहीण... तिला काही रोगबिग?"

"नाही. तिचं रक्त तपासायला दिलंय. ती शेतकऱ्याची बायको आहे, घरसंसाराची."

"मग मी काय आहे?" बेबाबाई एकदम म्हणाली. "मलाही काही रोग नाही." आणि तिचं तोंड वाकडं झालं, ती जमिनीवर बसली. खालून नवऱ्याने कोण आलंय म्हणून हाक मारली. "कोणी नाही," तिने वरून सांगितलं. मंदाने डॉक्टर कुवरांचा पत्ता कागदावर लिहून दिला. तो तिने ब्लाऊजमध्ये खोचला आणि मंदाला मागच्या जिन्याने जायला सांगितलं.

शेवंताच्या रक्तात काही निघालं नाही. अहवाल यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत शेवंताने घरातलं आपलं ताट, पेला, साबण वेगळा केला होता आणि मुलींना जवळ येऊ दिलं नव्हतं. कोणी काही सांगितलं तरी ती ऐकेना. तोतारामने ग्राहक मंचात जायची गोष्ट काढली, वकिलालाही भेटला. शेवंता नाही म्हणाली. पेपरात नाव आलं तर कल्पनाचं काय, एवढंच तिचं म्हणणं. जळगावचे सर पुढे चरबीचं काम बंद करून पुन्हा पोटाच्या ऑपरेशनांकडे वळले. त्यांचा दवाखाना चालू राहिला. मंदाला जळगावात कोणी काम दिलं नाही. तिने पारोळ्याला एका प्रसूतिगृहात जागा धरली.

मे अखेरीस उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाठी मुळापासून काढल्या, आणि त्यांच्याबरोबर जे काढावं लागलं तेही काढलं. शेवंताचे डोळे विषमज्वरानंतर होते त्याहून खोल गेले. उजवी खालची पापणी किंचित बाहेर वळली, त्यातून सतत पाणी यायचं. डाव्या बुबुळावर पांढरा ठिपका राहिला, त्या डोळ्याने तिला माणूस आहे एवढं कळायचं, कोण आहे ते कळायचं नाही. दोन्ही डोळे मात्र मिटत होते.

जुलैत दुसऱ्या रक्ततपासणीसाठी ती धुळ्याला आली तेव्हा मंदा पारोळ्याहून तिथे येऊन थांबली होती. कोणी बोलावलं नव्हतं. तारीख तिला माहीत होती. बाकावर शेवंता आणि तोताराम बसले होते, आणि थोड्या वेळाने दारातून काळा चष्मा घातलेली बाई आत आली. एकटीच. मंदाने तिला ओळखलं आणि पुढे होऊन शेवंताला हळूच सांगितलं, "त्या बेबाबाई."

शेवंताने चेहरा तिकडे वळवला. तोतारामला म्हणाली, "उठा जरा." तो उठला आणि बेबाबाई त्याच्या जागी बसली. मग शेवंताने विचारलं, "तुम्ही काहून केल्तं व ताई?"

"आरशात माझी सासू दिसायला लागली होती," बेबाबाई म्हणाली.

शेवंताच्या तोंडातून हसल्यासारखा आवाज निघाला. डोळ्यांना हसता येत नव्हतं. तिने रुमालाने उजव्या डोळ्याचं पाणी टिपलं. "माह्या डोयात ते तुमचं होतं का काय कोण जाणे. लई आग केली त्यानं."

"तुमच्यानंही," बेबाबाई म्हणाली. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "आज काढायच्यात. लई दुखतं का?"

"बधिर करतात. दुखत नही. पण ते कातर चालते ना आत, ते ऐकू येते." शेवंता सांगू लागली, किती वेळ लागतो, कुठे टाके येतात, पट्टी भिजू द्यायची नाही. बेबाबाई तिच्याकडे सरकून ऐकत होती.

नर्सने बेबाबाईचं नाव घेतलं आणि विचारलं, "यांच्याबरोबर कोण आहे? सही लागेल."

बेबाबाईने इकडेतिकडे पाहिलं. तिच्याबरोबर कोणी नव्हतं. मंदा पुढे आली. नर्सच्या हातातला कागद घेण्यासाठी तिने हात लांबवला, पण शेवंताने मध्येच आपला हात घातला.

"तू नोको," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी करते."

तिने कागद मांडीवर धरला. डाव्या डोळ्याला दिसत नव्हतं म्हणून मान तिरपी करून, उजव्या डोळ्यातलं पाणी पुसत, कुठे सही करायची ते तिने नर्सला विचारलं. नर्सने बोट ठेवलं. शेवंताने सावकाश आपलं नाव लिहिलं आणि बेबाबाईचा हात धरून तिला थिएटरच्या दारापर्यंत पोचवलं. मंदा आणि तोताराम बाकाच्या दोन टोकांना बसले. तोतारामने खिशातून केळं काढलं, मोडून अर्धं तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं.